बैलाच्या पाठीवरून हॉकीला

मला मदत केली ती तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं. काय झालं ते पुढं येईलच, पण हे आधी लिहून ठेवतो. गोष्ट सांगायला बसलो की मी घाबरलो कसा, माझी तारांबळ उडाली कशी, हेच सांगत बसायची मला खोड आहे, आणि ज्याच्यामुळं माझी भाकरी राहिली तो माणूस शेवटी दोन ओळींत उरकला जातो. म्हणून आधी तो. उंच, जरा वाकलेला, उजवा गुडघा कायमचा धरलेला, कानात चांदीच्या बाळ्या. तरुणपणी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरलेला. मी त्याला बाबा म्हणायचो. तो मला, सगळं गाव म्हणायचं तसंच, पावना म्हणायचा.

पावना मी खराच होतो. मी माणदेशातला. मराठी तिसरीत शाळा सुटली, कारण वडील गेले आणि घरात माझ्या पाठची चार होती. बैलांचा व्यापार करणारा एक जण आमच्या गावातून जनावरं घेऊन लांबच्या बाजारांना जायचा, त्याच्याबरोबर जनावरं हाकायला मी निघालो. बावीस दिवस चालत हिंगोलीच्या बैलबाजारात आलो. तिथं एका शेतकऱ्यानं आमची सगळ्यात चांगली खिलार जोडी घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो तणतणत परत आला.

"बैल हाय का भिंत? काय बी म्हटलं तरी हालत न्हाईत!"

व्यापारी हसला. "हालतील कसं? तुमची बोली त्यास्नी कळत न्हाई. ह्या पोराची कळती. हंगामभर पोरगं ठिवून घ्या, बैलं तुमची बोली शिकतील, पोरगंबी शिकंल."

अशा रीतीनं बैलांबरोबर मीही त्या घरी गेलो. त्यांना दावण मिळाली, मला गोठ्याशेजारची खोली. मी सतरा वर्षांचा होतो. गाव हिंगोलीपासून दोन कोसांवर, कयाधू नदीच्या अलीकडं. पहिले आठ दिवस मी फक्त बैलांशीच नीट बोललो.

पहिल्या सोमवारी मी आणि बैल, तिघंही गोठ्यात निवांत बसलो होतो. मालक आले.

"काहून रे पावन्या, गाडी काहून जुपली न्हाई?"

"सोमवार हाय."

"मंग?"

"सोमवारी बैलांची सुट्टी असती."

"कोणी देल्ली?"

आमच्याकडं सोमवार महादेवाचा, म्हणून बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हे मी सांगितलं, तर मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी स्वतःसाठीच सुट्टी मागतोय. "जुप," म्हणाले. मी जुंपली. बैलांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, ते मला अजून आठवतं. त्या दिवशी मी मनाशी एक गोष्ट पक्की करून टाकली: या मुलखात बैलाला सुट्टी नसते. पुढं मी जी चूक केली ती इथं जन्मली. कारण त्यानंतर आलेल्या अवसेला मी हिवतापानं अंथरुणात होतो, आणि त्या दिवशी गावात एकही गाडी रस्त्यावर नव्हती हे मला कुणी सांगितलंच नाही. जे सगळ्यांना ठाऊक ते कोण कशाला सांगेल?

बाबा पहिल्यांदा आला तो बैल बघायला. लमाणांचा तांडा गावापासून हाकेच्या अंतरावर होता. संध्याकाळी तो काठी टेकत यायचा, दगडावर बसायचा आणि माझ्या जोडीकडं पाहत राहायचा. "शिंगं पाह्य," म्हणायचा, "जशी कोणी बसून घडवली." कधी उठून बैलाच्या गळ्याखालून हात फिरवायचा. बैल, जे मालकांनाही जवळ येऊ देत नव्हते, ते त्याच्यापुढं मान लांब करायचे. त्यानं त्यांची बोली विचारली नाही की आपली लादली नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायचा आणि बैलांना ते कळायचं.

"असा एक खोंड माझ्या दावणीला पाह्यजे होता," एकदा म्हणाला. "आता काय करायचा म्हना. दावणीला एक हाय, तो बी माझ्यासारखाच म्हातारा."

मला तिथं घरच्यासारखं वागवलं ते आधी त्यानंच. हिवतापात रोज ताकाची लोटी घेऊन यायचा, उंबऱ्यावर ठेवायचा आणि "पी" एवढंच म्हणून जायचा.

त्यामुळं एका संध्याकाळी तो नातवाला घेऊन आला आणि म्हणाला, "पावन्या, एक काम होतं," तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली.

नातू बारा वर्षांचा, काटकुळा, डोळे सारखे हलणारे. गावातली शाळा संपवून तो हिंगोलीच्या शाळेत जात होता. गावातली चार पोरं मिळून रोज पायी जायची, पायी यायची. तिथल्या ड्रिल मास्तरांनी त्याला हॉकीच्या संघात घ्यायचं मनावर घेतलं होतं. जुन्या छावणीच्या मैदानावर सराव चालायचा. पोराच्या हातात काठी होती, बाभळीची, टोकाला आपसूक वाकलेली. बाबानंच रानातून शोधून, तासून दिली होती.

"सराव शुक्रवारी अस्तो," बाबा म्हणाला. "इकडं निजामी राज, शुक्रवारीच शाळेला सुट्टी. बाकीची पोरं घरी. ह्याला एकट्याला जावं लागते, अन् येताना दिवस बुडते. मधी ते झुडपाचं रान. लांडगा हाय तिथं. माझा पाय असा. तुझी गाडी तर कापूस घेऊन जिनावर जातेच. ह्याला नेशील अन् आणशील का?"

पोरगं माझ्याकडं नाही, बैलांकडं पाहत होतं. जणू परवानगी त्यांचीच घ्यायची होती.

मी म्हणालो, "मालकांना विचारतो."

आणि तीन दिवस विचारलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. माझ्या डोक्यात एकामागून एक येत होतं. कापसाची गाडी उंच भरलेली असते, पोरगं वरून पडलं तर? नदीच्या उतारावर चाक घसरलं तर? दुसऱ्याचं लेकरू. आपल्या घरचं पोर पडलं तर माणसं रडतात. परक्यानं पाडलं तर माणसं हिशोब मागतात, आणि या गावात परका मी एकटाच. शिवाय गाडी माझी नव्हती, बैल माझे नव्हते. मैदानावर सराव संपेपर्यंत थांबायचं म्हणजे बैल घरी उशिरा येणार. मालक चिडले आणि म्हणाले की जा बाबा तुझ्या मुलखात, तर? मुलूख बावीस दिवसांवर. आणि तिथं गेल्यावर आई पहिल्यांदा माझ्या हाताकडं पाहणार.

चौथ्या दिवशी पोरगं एकटंच आलं. माझ्यासमोर उभं राहिलं.

"विचारलं का?"

"न्हाई अजून."

"मी विचारू?"

"नको!"

"मंग विचार ना. मालक वाघ हाय का?"

मी त्याच संध्याकाळी विचारलं. मालक बाजेवर पान लावत होते. ऐकून घेतलं, पान तोंडात टाकलं.

"पोरगं ने," म्हणाले. "चांगलं पोरगं हाय. पण एक ध्यानात ठेव. बैल माझे, पोरगं तुझं. बैलाला तकलीफ झाली तर मी तुला पुसंल, पोराला काही झालं तर म्हातारा पुसंल. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो.

पहिल्या शुक्रवारी मी त्याला कापसावर बसवला आणि कमरेला दोरी बांधायला लागलो.

"मी काय बोचकं हाय?" ते म्हणालं. दोरी सोडून टाकली. मग मी दर शंभर पावलांवर मागं न बघता ओरडायचो, "हाईस का रे?" वरून आवाज यायचा, "हाय!" नदीपर्यंत असं चाललं. नदी ओलांडल्यावर आवाज आला नाही. मी गाडी थांबवून, चाकावर चढून पाहिलं, तर पोरगं कापसात उताणं पडून आभाळ बघतंय.

"बोलत का न्हाईस?"

"तू किती येळा पुसतो? मी पडलो तर मीच वरडंल. तू काहून आधीच वरडून राहिला?"

त्याचं हे बरोबर होतं, पण मी ओरडायचं सोडलं नाही. पुढं ते आमचं गाणंच झालं. मी "हाईस का" म्हणायच्या आत ते वरून "हाय, हाय, हाय" असं तीनदा म्हणून घ्यायचं, म्हणजे पुढच्या तीनशे पावलांची सोय.

जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उतरवला की आम्ही मैदानावर जायचो. मी बैल कडेच्या लिंबाखाली सोडून त्यांना वैरण टाकायचो आणि खेळ पाहत बसायचो. मला खेळातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळायचं की आमचं पोरगं दोन दगडांच्या मधे उभं राहतं आणि चेंडू त्या दगडांमधून जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. बाकीची पोरं पळायची, हे उभं राहायचं. पण उभं असं राहायचं की मला आमच्या मेंढरांच्या कुत्र्याची आठवण व्हायची. मास्तर ओरडायचे, "शाबास रे छोकरे!" तेव्हा मी बैलांकडं बघायचो, त्यांनी ऐकलं का म्हणून.

असे तीन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी मास्तरांनी पोरांना रांगेत बसवून सांगितलं: पुढच्या शुक्रवारी परभणीला जायचा संघ निवडणार. रेल्वेनं जायचं. जो हाजिर नसेल त्याचं नाव कट.

येताना पोरगं कापूस नसलेल्या रिकाम्या गाडीत माझ्या पाठीला पाठ लावून बसलं होतं. त्यानं रेल्वे पाहिली होती, आत बसलेलं नव्हतं. मी तर तेव्हा नीट पाहिलीही नव्हती.

"पावना, शुक्रवारी येशील ना?"

"येईन की."

"बराबर?"

"बराबर. काय बी होऊ दे, शुक्रवारी तुला मैदानावर उभा करतो. हा माझा शब्द."

शब्द देताना मला बरं वाटलं. परक्या मुलखात शब्द द्यावा असं आपल्याकडं काहीतरी आहे, याचंच बरं वाटलं असावं.

बुधवारी पोराच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. बाबानं सुईनं काढला, बिब्ब्याचा चटका दिला, फडकं बांधलं. मी पाहायला गेलो तर ते चवड्यावर उभं राहून दाखवत होतं. "गोलात पळावं कुठं लागते? उभंच ऱ्हायचं हाय." चालायला मात्र येत नव्हतं. मी म्हणालो, "चालायचं कशाला? गाडी हाय की." बाबानं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होता, बोलला नाही. माझ्या तोंडावरचा भरवसा पाहून त्याला वाटलं असेल की मालकांशी माझं ठरलंय.

गुरुवारी संध्याकाळी मालक गोठ्यात आले. बैलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्या दोघांना नदीवर ने. घासून धू. शिंगांना तेल लाव."

"अन् कापूस?"

"उद्या आवस."

"मंग?"

मालकांनी कपाळाला हात लावला. "आरे, आवसेला बैल कोण जुपते? सोमवार सोमवार करून माझं डोकं खाल्लंस, अन् आवस ठाऊक न्हाई? गावात उद्या एकाही बैलाच्या खांद्यावर जू दिसायचं न्हाई. कोणी ठेवलं तर त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार न्हाई."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. पण मालक हसत होते, माझ्या अडाणीपणावर खूश होते, आणि मला वाटलं, आता बोललो तर हे हसू जाईल आणि त्याच्याबरोबर माझी खोलीही. मी "जी" म्हणालो.

गावात बैलगाडीशिवाय दुसरं होतं काय? एक तट्टू होतं, ते कुणाच्या तरी लग्नाला कनेरगाव नाक्याकडं गेलेलं. पोराला मी खांद्यावर बसवून नेलं असतं, दोन कोस काय मोठे नाहीत. पण काटा काढला त्या दिवशीच मी ते गमतीनं म्हणून पाहिलं होतं, तेव्हा पोरगं म्हणालं होतं, "पोरं मला बाळ म्हणतील. त्यापरीस जातच न्हाई."

शुक्रवारी सकाळी मी बैल धुतले. शिंगांना तेल लावलं. ते उन्हात चमकत होते आणि गाडी भिंतीला टेकून तोंड वर करून उभी होती. मालक शेतावर गेले होते. मी तांड्याकडं निघालो, सांगायला की माझ्याकडून चूक झाली, मला माहीत नव्हतं, माफ कर.

पोरगं झोपडीपुढच्या दगडावर बसलं होतं. डोक्याला तेल, धुतलेला सदरा, मांडीवर बाभळीची काठी. फडकंही नवीन बांधलेलं. मला एकट्याला पाहून त्यानं माझ्या मागं पाहिलं.

"गाडी कुठं?"

तोंडातून निघालं, "आणतो."

आणि मी परत फिरलो. खोटं बोललो नव्हतो. त्या चार पावलांत माझं ठरलं होतं की गाडी जुंपायची. हाकलतील तर हाकलतील. बावीस दिवस चालत आलो, बावीस दिवस चालत जाऊ. असा धीर माझ्यात आधी कधी नव्हता, नंतरही फारसा आला नाही. त्याच्याबरोबर रडूही येत होतं, तेवढं खरं.

मागून काठीचा आवाज आला. बाबा लंगडत, धापा टाकत माझ्या मागं येत होता.

"थांब रे! थांब म्हन्तो ना! कुठं चाललास?"

"गाडी जुंपायला."

"आज?"

"व्हय."

"मालकाला पुसलं?"

मी मान खाली घातली. त्यानं माझा दंड धरला. म्हातारा होता, पण पकड बैल धरणाऱ्याची होती.

"बस खाली."

मी बसलो. तोही बसला, पाय लांब करून, मोठ्या कष्टानं. मग मी सगळं सांगितलं. सोमवारचं, हिवतापाचं, शब्द दिल्याचं, मालकांपुढं गप्प बसल्याचं. मला वाटलं आता म्हणेल, लेकराला आशा लावून फसवलंस. तो म्हणाला,

"म्हंजे तू माझ्या पोरापायी तुझी भाकर घालवायला निघाला होता."

"शब्द दिला होता."

"येडा हायेस." मग काठी आडवी ठेवत, "आवस कशाची अस्ते, सांग."

"बैलांची."

"बैलाच्या खांद्याची. जू खांद्यावर बसते, म्हनून खांद्याला एक दिवस आराम. आमच्या बैलांच्या खांद्यावर जू कधी बसलंच न्हाई. आमचं ओझं पाठीवर. आमी तर आवसेला बी चालत होतो."

तो उठला आणि झोपडीमागं गेला. थोड्या वेळानं घंटा वाजली. मागून त्याचा तो म्हातारा बैल आला. तांबडा, पाठीचा कणा दिसणारा, एक शिंग टोकाला झिजलेलं, आणि डोळे असे शांत की माझीच धडधड कमी झाली.

हा बैल मी रोज पाहायचो. मला ठाऊक होतं की बाबानं त्याच्या पाठीवरून शेवटची गोणी उतरवली त्या दिवशी त्याला सांगितलं होतं, आता तुझ्या पाठीवर काही ठेवणार नाही. तांड्यावरची पोरं त्याच्यावर चढायला गेली की बाबा काठी घेऊन धावायचा. स्वतःच्या नातवालाही कधी बसू दिलं नव्हतं. आता त्यानं वाकळ चार पदरी घडी करून त्या पाठीवर घातली. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन तांड्याच्या बोलीत बराच वेळ काहीतरी बोलला. बैलानं एकदा कान हलवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"एक डाव, म्हन्तो. अन् तुझ्यापायी, पोरापायी न्हाई. पोरगं पुढच्या साली बी खेळंल. तुला मालकानं हाकललं तर तू कुठं जाशील?"

त्यानं पोराला वर बसवलं, हातात वेसणीची दोरी दिली, आणि मला सांगितलं, "तू पुढं चालू नको. हा आघाडीचा बैल होता, त्याच्या पुढं कोणी चाललेलं त्याला चालत न्हाई. मागून चाल. अन् तो थांबला तर तू बी थांब. घाई करू नको."

शेवटचं त्यानं का सांगितलं ते पुढं कळलं. गाव सोडून अर्धा कोस गेलो तर बैल एका मोडक्या विहिरीपाशी थांबला. मी हाकललं, पोरानं टाचा मारल्या, काही नाही. मग त्यानं सावकाश गुडघे टेकले आणि बसला.

"उतरावं लागते," पोरगं म्हणालं. "इथं आमचे लोक गोण्या उतरवत होते. त्याला वाटून राहिलं, मुक्काम आला."

पोरगं उतरलं. बैल दोन मिनिटं बसला, उठला, पाठ हलवून पाहिली आणि पोरानं पुन्हा बसावं म्हणून वाट पाहत उभा राहिला. असं नदीपर्यंत तीनदा झालं. सूर्य बघायचो, रस्ता बघायचो. पण एक गोष्ट त्या वाटेवर मला पहिल्यांदा मिळाली. मी मागून चालत होतो, त्यामुळं पोरगं सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढं होतं. मला एकदाही "हाईस का" म्हणावं लागलं नाही. कयाधू ओलांडल्यावर त्यालाच चुकल्यासारखं झालं.

"पावना, आज पुसत काहून न्हाईस?"

"दिसतोस की."

"तरी पुस."

"हाईस का रे?"

"हाय, हाय, हाय!"

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता. आधी एका पोरानं पाहिलं, मग सगळ्यांनी. काठ्या खाली टाकून पोरं हसत सुटली. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"क्या रे, बारात लाया क्या?"

मी पुढं झालो. माझं हिंदी म्हणजे काय असणार? "साब, गाडी को छुट्टी. पाँव में काटा. बैल बूढ़ा. इसलिए देर."

मास्तरांनी पोराच्या टाचेकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं. "ये कहाँ से चलके आया?"

"दो कोस, साब."

"इस बैल पे?" मग पोरांकडं वळून ओरडले, "देखो रे! तुम लोगाँ घर से यहाँ तक आने को बहाने करते. ये बैल पे आया! जा, गोल में खड़ा हो."

पोरगं लंगडत जाऊन दोन दगडांमधे उभं राहिलं. बैल कुणी न सांगता त्याच्या मागं गेला आणि तिथंच बसला. मी त्याला ओढायला धावलो तर मास्तर म्हणाले, "रहने दे. एक गोलकीपर मंगाया था, दो आए."

पोरानं दोन चेंडू सोडले. तिसरा पायानं अडवला, दुखऱ्या पायानं, आणि तोंड वाकडं न करता उभं राहिलं. त्यानंतर एकही जाऊ दिला नाही. एक चेंडू बाजूनं जाऊन बैलाच्या पोटावर आदळला. बैलानं मान वळवून चेंडू हुंगला आणि पुन्हा रवंथ करायला लागला. ज्यानं मारला होता ते पोरगं बैलाला हात जोडून आलं.

शेवटी मास्तरांनी कागदावरून नावं वाचली. अकरा झाली, आमचं नाही. मी जमिनीकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "और दो रिझर्व," आणि त्यातलं पहिलं नाव आमच्या पोराचं होतं. रिझर्व म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी बाजूच्या एकाला घाईघाईनं विचारलं, "रेल्वेत बसायला मिळतंय का?" तो म्हणाला, "हौ, मिलता." मग मला पुढचं काही विचारायचं नव्हतं.

परतताना दिवस कलला होता. वेशीपाशी मालक उभे होते. कुणीतरी आधीच खबर पोचवली असणार. मालक बैलाभोवती एक फेरी मारून आले. त्याच्या खांद्यावर हात फिरवला. तिथं जुवाचा घट्टाच नव्हता. केस अखंड, मऊ.

"म्हाताऱ्यानं देल्ला?"

"जी."

"ह्या बैलावर तो माशी बसू देत न्हाई." मग माझ्याकडं वळले. "मला काहून नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही जा म्हणाल याची."

"तुला घालवून ते दोन बैल कोण समजावंल? अजून माझं एक ऐकत न्हाईत." मग पोराला विचारलं, "घेतलं का?"

"रिझर्व," पोरगं म्हणालं, जसं काही ते सगळ्यात मोठं पद आहे.

"पुढच्या शुक्रवारी माझी जोडी हाय. त्या दिवशी आवस न्हाई." जाता जाता थांबून, "सोमवार बी न्हाई, पावन्या."

तांड्यावर बाबा वाट पाहत होता. नातवाकडं त्यानं नंतर पाहिलं. आधी वाकळ उतरवली, बैलाच्या पाठीवर तळहात फिरवत गेला, मानेपासून शेपटीपर्यंत, कुठं दुखावलं आहे का बघत. मी म्हणालो, "बाबा, तुमचे उपकार कसे फेडू?" तो हसला. "विहिरीपाशी बसला का?" "बसला." "वाटंत तीनदा?" "तीनदा." त्याला एवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही. "आठवण हाय त्याला," म्हणाला. "सगळं आठवते." आणि बैलाला घेऊन झोपडीमागं गेला.

पोरगं परभणीला जाऊन आलं. खेळलं नाही, पण रेल्वेच्या खिडकीतून किती गावं दिसली ते महिनाभर सांगत होतं. बैल दुसऱ्या उन्हाळ्यात गेला. बाबानं त्याच मोडक्या विहिरीपाशी त्याला पुरलं. मी खड्डा खणायला होतो.

मग निजामी राज जायची गडबडीची वर्षं आली. गावं दचकून राहायला लागली, मालकांनी जोडी विकली आणि मला म्हणाले, तू तरुण आहेस, सरहद्दीच्या नाक्यापलीकडं जा. मी वाशिमला आलो, आता इथल्या जिनात काम करतो. घरापासून आणखी लांब आलो. पोरगं आता मिशीचं झालं आहे, मधूनमधून निरोप पाठवतं. गेल्या निरोपात होतं की बाबा बरा आहे, दिवसभर झोपडीपुढं बसतो, आणि मागची दावण अजून रिकामी आहे.

ती दावण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी एकदा गावी जाणार आहे, आईला भेटायला, आणि येताना आमच्या बाजारातून एक खिलार खोंड घेणार आहे, पांढरा, शिंगं कुणी बसून घडवल्यासारखी. पायीच आणीन. त्याच्या पुढं चालणार नाही, मागून चालेन. तो थांबेल तिथं थांबेन. बाबा, तेवढे दिवस तू बसून राहा. मी येतो. हा माझा शब्द, आणि या खेपेला निघण्याआधी अवस कधी आहे ते मी विचारून घेतलंय.